यानिनाबाईंचा ओला सोमवार

"सांगितलं होतं."

ठाण्यातल्या एका शाळेच्या व्हरांड्यात, दहा-बारा माणसांदेखत, मी हे दोन शब्द उच्चारले. ते खोटे होते, आणि त्यांच्यामुळे एका बाईंचं राहतं ठिकाण गेलं. ही गोष्ट मी कित्येक वर्षं माझ्या पत्नीलाही सांगितली नव्हती. लोक मला सौम्य, मितभाषी म्हणत; त्या मितभाषीपणाच्या आड काय दडलं आहे, हे फक्त मला ठाऊक असे. आज पंचावन्नाव्या वर्षी यानिनाबाईंचं शब्दचित्र काढायला बसलो आहे. ते काढणारा हात कसा आहे, हे वाचकाला आधी कळलेलं बरं.

शाळा खोपटच्या पुढे, येऊरच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका जुन्या भाड्याच्या बंगल्यात भरे. फाटकावर 'आंतरराष्ट्रीय विद्यालय' अशी पाटी होती. टेंभी नाक्यावरचे टांगेवाले मात्र तिला 'सगळ्यांची शाळा' म्हणत. स्वातंत्र्याला तीन-चार वर्षं झाली होती. नव्या कारखान्यांत आलेल्या स्विस आणि जर्मन इंजिनियरांची मुलं, पूर्व आफ्रिकेतून शिकायला पाठवलेली गुजराती मुलं, सिंधमधून आलेल्या कुटुंबांची मुलं, आणि आमची ठाण्या-डोंबिवलीची काही, अशी ती सरमिसळ होती. मुख्याध्यापिका दिनाबाई पारशी. मी मराठी-संस्कृतचा मास्तर. धोतर, काळा कोट, हातात छत्री. आठवडाभर आवारातल्या एका खोलीत राही आणि शनिवारी संध्याकाळी डोंबिवलीला घरी जाई.

यानिनाबाई वसतिगृह सांभाळत आणि भूगोल शिकवत. पहिल्या दिवशी मला त्यांच्या आधी त्यांच्या वहाणा ऐकू आल्या. करकर वाजणाऱ्या जाड कोल्हापुरी वहाणा, वर फिकट निळा झगा, त्याच्याही वर पिवळसर केसांचा अंबाडा. चाळिशीच्या आतबाहेरच्या या गोऱ्या बाईंशी इंग्रजीत काय बोलावं, याची वाक्यं मी मनात जुळवत होतो. त्यांनी माझ्या छत्रीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आवं मास्तर, पाऊस कुठाय? का सावली संगं घिऊन हिंडतासा?"

मी इतका गोंधळलो की उत्तर इंग्रजीत दिलं.

त्या पोलंडच्या. युद्धात त्यांचं गाव गेलं, माणसं गेली. सैबेरिया, इराण असं करत, अनाथ मुलांच्या एका तांड्याबरोबर त्या हिंदुस्थानात आल्या. कोल्हापूरजवळ पोलंडच्या निर्वासितांची एक मोठी वसाहत होती. तिथे त्या पाच वर्षं राहिल्या आणि मराठी शिकल्या ती भाजीवाल्यांकडून, गवळणींकडून आणि विहिरीवरच्या बायकांकडून. तिथल्या मुलींसारखं त्याही स्वतःविषयी 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणत. वसाहत उठली तेव्हा बाकीचे इंग्लंडला, आफ्रिकेला, कुठे कुठे निघून गेले. या राहिल्या.

का राहिल्या, याचं मला फार कुतूहल होतं. गंमत अशी, की विचारणाऱ्या प्रत्येकाला त्या वेगळं उत्तर देत. दिनाबाईंना त्यांनी हवामानाचं कारण सांगितलं होतं. मुलांना सांगितलं होतं की बोटीवर जागाच उरली नव्हती. मी एकदा धीर करून विचारलं तेव्हा क्षणभर विचार करून म्हणाल्या, "आंब्याचा मोसम हुता, मास्तर. संपल्यावर जाऊ म्हटलं. मग पुढचा आला."

एवढं मात्र सगळ्यांना माहीत होतं, की परत जायला त्यांना जागा नव्हती. दरवर्षी त्यांना पोलिसांकडे जाऊन इथल्या मुक्कामाची परवानगी वाढवून आणावी लागे, आणि शाळा आपल्याला ठेवते आहे हे दाखवता आलं तरच ती वाढे. वसतिगृहाच्या टोकाची एक खोली, हे जगात त्यांच्या नावाचं एकमेव ठिकाण होतं. परवानगीची तारीख जवळ आली की चार दिवस त्यांच्या वहाणा कमी वाजत.

आमच्या शाळेचा आठवडा त्यांनीच बांधला होता. मंगळवारी मुलं बागेत माती उपसत. गुरुवारी शेवटच्या तासाला मुलांनी मास्तरांना शिकवायचं असे. दिनाबाई एका नैरोबीच्या मुलाकडून स्वाहिली आकडे शिकत, आणि मी त्या तासाला नेमकं काहीतरी तपासायचं काम काढी. शुक्रवारी कुणातरी एका मुलाच्या घरचं जेवण. सर्वांत लाडका वार बुधवार. बुधवारी शाळा पायी निघे. कधी येऊरच्या पायथ्याशी, कधी खाडीकडे. होळीच्या सुमारास काटेसावरी लाल होत, मिठागरांत पांढऱ्या राशी उभ्या राहत, आणि यानिनाबाई मुलांना भूगोल शिकवत तो असा: "चाखून बघा. हातात घ्या. मग पुस्तकात काय लिवलंय ते खरं का खोटं, ते मला सांगा."

अशाच एका बुधवारी मिठागराच्या बांधावर एका आगरी आजीबाईंनी त्यांना अडवलं.

"कंचे गावची गो तू, बाय?"

"कोल्लापूरची."

आजीबाई त्यांच्या हाताकडे पाहत राहिल्या. "आन् एवरी गोरी कशी गो?"

"उन्हात कमी बसलो," यानिनाबाई म्हणाल्या.

मिठागरावरच्या सगळ्या बायका घमेली खाली ठेवून हसल्या. त्या दिवसापासून आमच्या शाळेला मीठ कधी विकत घ्यावं लागलं नाही. मी त्या वेळी दहा पावलं मागे, छत्रीखाली उभा होतो. मलाही हसू आलं होतं. ते मी कोटाच्या बाहीत लपवलं, का कोण जाणे.

कुणी कसलीही तक्रार आणली, गुडघा फुटला, भाजी कडू लागली, गणित सुटेना, की त्यांचं एकच उत्तर असे: "मरत न्हाईस. चल." मुलं ते इतक्या वेळा म्हणत, की स्वयंपाकघरातल्या बायकाही एकमेकींना तेच सुनावू लागल्या होत्या. एका गोष्टीत मात्र त्या कधी विनोद करत नसत. पंक्तीत एका मुलाने भाकरीचा तुकडा दुसऱ्यावर फेकून मारला. तुकडा जमिनीवर पडला. यानिनाबाई उठल्या, तो उचलला, ओठांना लावला आणि त्या मुलाच्या ताटात परत ठेवला. त्यांच्या देशात पडलेल्या भाकरीचा मुका घेऊन माफी मागतात, हे मला मागाहून कळलं. माझ्या संस्कारांना तो उष्ट्याचा आणि जमिनीवरचा प्रकार होता. मी ताटावरून उठलो. पण महिन्याभरात चाळीस मुलं पडलेला घास उचलून मुका घेताना दिसू लागली. वर्षभर मी त्यांच्याकडून अन्नाचं महत्त्व सांगणारी सुभाषितं पाठ करून घेतली होती. त्यातलं एकही मूल माझ्या सुभाषिताने खाली वाकलं नव्हतं.

इथेच माझ्या मनात काहीतरी आंबायला लागलं असावं.

एकदा शिक्षणखात्याचे एक अधिकारी आले. स्विस मुलगी उर्सुला चक्क मराठी बोलते हे पाहून ते हरखले. "बाळ, मराठी कोण शिकवतं तुला?" त्यांनी विचारलं. मी कोटाची बटणं सारखी केली. उर्सुला म्हणाली, "मास्तर लिवायला शिकवत्यात. बोलाय बाई शिकवत्यात." अधिकारी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मीही हसलो, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. तीन वर्षं घासून घासून शिकवलेली माझी शुद्ध मराठी त्या मुलांच्या वहीतच राहिली होती, आणि तोंडात बसली होती ती एका परक्या बाईची विहिरीवरची बोली.

आता ओल्या सोमवारविषयी.

पोलंडमध्ये ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, माणसं एकमेकांवर पाणी ओततात. आमच्या धुळवडीनंतर काही दिवसांनी येणारा हा सण यानिनाबाईंनी शाळेत आणला, आणि तो आणताना आपल्या पद्धतीने बदललाही. सोमवारी दुपारपर्यंत फाटकातून जो कुणी आत येईल, त्याच्यावर मुलांनी बादली रिकामी करायची. मग त्याला टॉवेल, गरम चहा आणि कांद्याच्या सालींत उकडून तांबूस केलेलं एक अंडं द्यायचं. अंडं न खाणाऱ्यांना बत्तासे. दूधवाला, पोस्टमन, दिनाबाई, कुणी सुटत नसे. "ज्याच्यावर पाणी पडलं, तो आपला," त्या सांगत. दूधवाला तर त्या दिवशी मुद्दाम दोन फेऱ्या मारी.

पहिल्या वर्षी मी डोंबिवलीहून सोमवारी सकाळी आलो, तो छत्री उघडूनच. फाटकाशी सात-आठ मुलं बादल्या घेऊन उभी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि बाजूला होऊन मला वाट दिली. "नमस्कार, सर," एक जण म्हणाला. मी कोरडा आत गेलो. मला हायसं वाटलं; आणि त्याच्या मागोमाग असं काहीतरी वाटलं, की ज्याचं नाव मी स्वतःलाही सांगू शकलो नाही. दुसऱ्या वर्षी मी छत्री मिटून आलो. तरीही कुणी पाणी टाकलं नाही.

तिसऱ्या वर्षी ती गोष्ट घडली.

मुंबईचे एक शेठजी शाळेला येऊरच्या वाटेवरची आपली जमीन देणार होते. बंगल्याचा मालक जागा रिकामी करायची घाई करत होता. जमीन मिळाली असती तर शाळेचं स्वतःचं वसतिगृह उभं राहिलं असतं. शनिवारी दिनाबाई मुंबईला निघाल्या, आणि जाताना त्यांनी मला थांबवून घेतलं.

"लेलेमास्तर, या रविवारी घरी नका जाऊ. सोमवारी मी शेठला मोटरमधून घेऊन येते. यानिना ईस्टरसाठी चर्चमध्ये गेलीये मुंबईला, उद्या संध्याकाळी येईल. तिला सांगा, या वेळी ते पाणीबिणी नाय करायचं. शेठचा मोठा भाऊ आताच गेलाय. घरात सुतक सरलंय, पण माणूस अजून दुखात हाय. विसरू नका हां!"

मी विसरलो नाही. हे मला स्पष्ट लिहिलं पाहिजे.

रविवारी संध्याकाळी यानिनाबाई परतल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो. आत मोठ्या पातेल्यात कांद्याच्या सालींचं पाणी उकळत होतं, मुलं अंडी मोजून सोडत होती, उर्सुलाच्या नाकाला तांबडा डाग लागला होता. बाईंनी मान वर केली.

"काय मास्तर? आत येऊ नगासा, बाटाल!"

मुलं हसली. ती थट्टा निरुपद्रवी होती. त्यांनी लगेच पाट पुढे सरकवला. "बसा की. काय काम हुतं?"

निरोप माझ्या ओठांवर होता. मी त्या पातेल्याकडे पाहिलं, मुलांच्या तोंडांकडे पाहिलं, आणि मनात आलं: एकदा, एकदाच, हे सगळं फसलं तर कसं दिसेल? द्वेष असा मला वाटला नव्हता. एखादा मुलगा घड्याळ उघडून आतलं चाक काढतो आणि काटे थांबतात का ते बघतो, तशी ती उत्सुकता होती. पण मी मुलगा नव्हतो. मी पन्नाशीला आलेला गृहस्थ होतो.

"काही नाही," मी म्हणालो. "सहज बघायला आलो."

"बगा की मग," त्या म्हणाल्या.

सोमवारी साडेनऊच्या सुमारास मोटार फाटकाशी थांबली. मी व्हरांड्यात उभा होतो. शेठजी आधी उतरले. पांढरं धोतर, पांढरा सदरा, डोक्यावर काही नाही. मुलांना एवढंच दिसलं, की कुणीतरी नवीन आलं आहे. दिनाबाई दुसऱ्या दाराने उतरत "नको, नको!" म्हणून ओरडल्या, तोवर तीन बादल्या रिकाम्या झाल्या होत्या.

शेठजी रागावले असते तर बरं झालं असतं. ते तसेच उभे राहिले. केसांतून पाणी गळत होतं. एक लहानगा पुढे होऊन टॉवेल आणि अंडं धरून उभा होता, आणि हसावं की नाही हे त्याला कळत नव्हतं. "भाईला अग्नी दिला त्या दिवशी असाच भिजलो होतो," शेठजी हळू म्हणाले. मग ते मोटारीत बसले आणि मोटार वळली.

दिनाबाई व्हरांड्यात आल्या. मागून यानिनाबाई धावत आल्या होत्या, हातात चहाची किटली घेऊन.

"लेलेमास्तर! तुमी तिला सांगितलं नव्हतं?"

मुलं, स्वयंपाकघरातल्या बायका, माळी, सगळे माझ्याकडे पाहत होते.

"सांगितलं होतं," मी म्हणालो.

मग सगळे यानिनाबाईंकडे वळले. त्यांनी किटली कठड्यावर ठेवली. माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही. मिठागरावर नवीन काही दिसलं की त्या जशा पाहत, तसंच काहीसं ते पाहणं होतं. मी खाली पाहिलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "सांगितलं हुतं. मीच इसरलो."

जमीन गेली. विश्वस्तांना कुणाला तरी जबाबदार धरायचं होतं. एप्रिलअखेर सुट्टी लागली आणि जूनमध्ये यानिनाबाईंना परत बोलावलं गेलं नाही. त्यांची परवानगी श्रावणात संपणार होती. त्या सोमवारपासून सुट्टी लागेपर्यंत मी रोज त्यांच्या खोलीवरून गेलो. दार उघडं असे. त्या मुलांच्या पेट्या बांधत असत, सदऱ्यांना बटणं लावत असत. एकदा मी उंबऱ्याशी थबकलो, तशी त्यांनीच मान वर करून म्हटलं, "मरत न्हाई कुणी, मास्तर." मी पुढे निघून गेलो. त्यांनी खोटं का पेललं, हे मी विचारू शकलो नाही. कारण विचारायचं तर आधी कबूल करावं लागलं असतं.

त्यानंतरच्या ओल्या सोमवारी शाळेत नेहमीचे तास झाले. दूधवाला फाटकाशी जरा रेंगाळला आणि गेला. मी त्याच वर्षी ती नोकरी सोडून डोंबिवलीच्या एका शाळेत लागलो. घरच्यांना सांगितलं, की हेलपाटे होत नाहीत.

चार वर्षांनी कल्याणला एका लग्नात आमच्या शाळेतला एक सिंधी विद्यार्थी भेटला. आता मिसरूड फुटलेला. मी विचारलंही नव्हतं, तरी तो म्हणाला, "सर, बाई इथे आमच्या निर्वासितांच्या छावणीतच असतात. माझ्या वडिलांनी पोलिसांकडे हमी दिली ना. बराकीत शाळा चालवतात. तुमची आठवण काढतात."

"काय म्हणतात?"

"विचारतात, मास्तर अजून छत्री नेतात का."

पुढचे दोन महिने मी गेलो नाही. दर आठवड्याला शनिवार ठरवी आणि दर वेळी काही काम निघे. शेवटी पत्नीला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, आणि एवढंच म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? तिला सांगा." फाल्गुनातल्या एका शनिवारी मी कल्याणहून टांगा करून छावणीत गेलो.

लष्कराच्या जुन्या लांबलचक बराकी, मधे पोत्यांचे पडदे, बाहेर बाजांवर वाळत घातलेले पापड. एका दारापुढे पंधरा-वीस मुलं ओळीत बसली होती आणि यानिनाबाई स्टुलावर बसून एकेकाची नखं कापत होत्या. केस बरेच पांढरे झाले होते. त्या मुलांशी सिंधीत काहीतरी बोलत होत्या, आणि ती सिंधीही, मला शपथेवर वाटतं, कोल्हापूरच्या चालीवरच चालली होती. मला पाहून त्यांनी कात्री थांबवली.

"या मास्तर! लई दिसांनी. बसा. ह्येचा एक हात ऱ्हायलाय."

मी बाजेच्या कडेला बसलो. शेजारच्या बाईंनी पाणी आणून दिलं. यानिनाबाईंनी डोंबिवलीची, मुलांची, माझ्या दम्याची चौकशी केली. उर्सुलाचं पत्र येतं म्हणाल्या. इथल्या मुलांना खाडी दाखवायला न्यायची आहे, पण फार लांब पडतं म्हणाल्या. मी हो ला हो देत राहिलो. ऊन बाजेवरून खाली सरकलं. ओळीतली चार मुलं उरली, तीन उरली. आणि आता ती संपली की मी उठेन आणि निघून जाईन, हे मला ओळखीचं झालेलं भय वाटू लागलं.

मी बोललो. माझ्या नेहमीच्या आवाजात, जमिनीकडे पाहत, सगळं एका दमात बोललो.

"आं?" त्या म्हणाल्या. त्यांनी डोकं कलतं केलं. "ह्या कानाचं काम संपलं बगा, मास्तर. जरा मोठ्यानं."

मी पुन्हा बोललो.

"न्हाई कळलं. वर्गात बोलत हुतासा की, तसं बोला."

शेजारच्या दारात पापड लाटणाऱ्या बायकांची लाटणी थांबली. नखं कापून झालेली मुलंही जवळ सरकून बसली. समोरच्या बराकीतून कुणीतरी पोत्याचा पडदा वर केला. यानिनाबाई कात्री मांडीवर ठेवून माझ्याकडे पाहत होत्या. घाई नव्हती, राग नव्हता, पुढे काय येतं ते बघायची नुसती इच्छा होती. मी बाजेवरून उठून उभा राहिलो. आयुष्यात इतक्या मोठ्याने मी कधी बोललो नव्हतो.

"यानिनाबाई, मी तुम्हाला सांगितलं नव्हतं! निरोप मला मिळाला होता. मी तुमच्या दारात येऊन मुद्दाम गप्प राहिलो, आणि मग सगळ्यांसमोर खोटं बोललो. तुम्ही विसरला नव्हता. चूक माझी होती. मला क्षमा करा."